पूर्णाकाठचा माणूस

डॉक्टर साधना गावंडे यांना राग फार लवकर येतो, असं अमरावतीत त्यांच्या कॉलेजातलं कोणीही सांगेल. शिपाई सांगेल, क्लार्क सांगेल, प्राचार्य तर आधी इकडेतिकडे पाहून घेतील आणि मग सांगतील. पण या बाईला राग यावा असं कुणी काय काय केलं, हे विचारलं की सगळ्यांना एकदम तासाला जायचं असतं. म्हणून ते इथं सांगतो. आणि सोयीसाठी तिला साधनाच म्हणतो, कारण भोकरीत तिला तसंच म्हणतात आणि ही गोष्ट भोकरीची आहे.

साधना मूळची चांदूर बाजारची. तिचे वडील खुशालराव संत्र्याचे व्यापारी. झाडावरचा बहार पाहून बगीचा किती माल देईल ते सांगणारा माणूस. मुलगी लहानपणी खिशात दगड घालून घरी यायची, तेव्हा ते हसायचे. पुढं तिनं भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, एवढी शिकवली आणि पोरीनं शेवटी दगडंच फोडले. खुशालराव त्यांना म्हणाले, "फोडू द्या ना. तिचे दगडं तिले काईतरी सांगतात. तुमचे पोरं तुमाले काय सांगून राहिले?" त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

साधनाला एकच गोष्ट शोधायची होती. आपल्या या वऱ्हाडात माणूस पहिल्यांदा कधी आला आणि तो आला तेव्हा इथं काय होतं? पाऊस किती पडायचा, गवत कोणतं होतं, पूर्णा नदी कुठून वाहायची, तिच्या काठाला पाणी प्यायला कोण कोण यायचं? दूरच्या मोठ्या शहरात पीएच.डी.च्या मुलाखतीला तिनं हे सांगितलं, तेव्हा समोरच्या विद्वानांनी एकमेकांकडं पाहिलं. एक म्हणाले, "आदिमानव आफ्रिकेत शोधायचा असतो. तुमच्याकडं काय, कापूस." सगळे हसले. साधनाही त्या दिवशी हसली, आणि त्या हसण्याचा राग तिला अजून येतो.

पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, आणि नदीनं जिथं काठ कापला आहे तिथं त्या थरांच्या मध्ये एक पांढरट पट्टा दिसतो. ती राख आहे. सुमात्रा बेटावर एक ज्वालामुखी सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख वाऱ्यानं इथवर आली आणि बसली. म्हणजे देवानंच आखून दिलेली रेघ. रेघेच्या वर जे सापडेल ते अलीकडचं, खाली सापडेल ते त्याहून जुनं. साधना या रेघेच्या मागं लागली. उन्हाळ्याच्या, दिवाळीच्या, सगळ्या सुट्ट्या तिनं पूर्णेच्या काठावर घातल्या. तिला हत्तीचा दात सापडला. पाणघोड्याचं हाड सापडलं. शहामृगाच्या अंड्याची टरफलं सापडली. मातीतल्या बारीक गोगलगायींचे शंख चाळून चाळून तिनं तेव्हाचा पाऊस मोजला.

एका परिषदेत तिनं टरफलं दाखवली, तर मागून एक प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, दर्यापूरच्या बाजारातून एखादी मोठी कोंबडी सुटली असेल." टाळ्या पडल्या! पुढं काही वर्षांनी परदेशातल्या कुणीतरी भारतातल्या शहामृगांवर लिहिलं, तेव्हा हेच प्राध्यापक गंभीर चेहऱ्यानं त्याचे दाखले देऊ लागले. साधनाचं नाव त्यात कुठं असणार? आपल्याकडं घर की मुर्गी दाल बराबर.

कॉलेजचं तर विचारूच नका. तिच्या प्रयोगशाळेचं सभागृह केलं, कारण पाहुण्यांना बसवायला जागा नव्हती. हाडांच्या गोण्या सायकल स्टँडमध्ये गेल्या. हत्तीचा दात काही दिवस सापडेना, तो ऑफिसात सापडला. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून कुणीतरी तो दाराला लावला होता. लाखभर वर्षं मातीत सुखरूप राहिलेला दात, आणि त्याची ही नोकरी! त्या दिवशी साधना ऑफिसात जे बोलली त्यावरूनच ती तापट आहे हे कॉलेजात ठरलं.

भोकरीला ती पहिल्यांदा गेली ती भांड्यांमुळं. अकोला जिल्ह्यातलं पूर्णेकाठचं हे लहान गाव. तिथं पाणी प्यायला एका घरी थांबली, तर पितळेचा गडू असा लख्ख की त्यात तोंड दिसावं. तिनं विचारलं, कशानं घासता? घरच्या पार्वताबाई म्हणाल्या, "नदीवरची पांढरी माती हाय ना, त्यानं." गावातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या सुमात्राच्या राखेनं भांडी घासत होत्या. साधनाला इतकं हसू आलं की पार्वताबाईंना वाटलं, पोरीला ऊन लागलं. त्यांनी तिला कैरीचं पन्हं पाजलं आणि तेव्हापासून साधना भोकरीला आली की त्यांच्याच घरी उतरायची. पार्वताबाई आणि त्यांचा मुलगा देवानंद, दोघंच घरात. पार्वताबाईंना ती मावशी म्हणायची.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर, भोकरीच्या त्याच काठावर, राखेच्या पट्ट्याच्या चांगलंच खाली, साधनाला एक हाड दिसलं. तिनं ब्रशनं माती झाडली. जाड कवटीचा तुकडा, आणि त्याला पुढं आलेली भुवईची कड. तिनं पुन्हा झाडलं. पुन्हा पाहिलं. मग ती तिथंच मातीत बसली आणि ढसाढसा रडली.

पार्वताबाई वरच्या शेतात हरभरा उपटत होत्या. त्या धावत खाली आल्या. "काय झालं वं? काय चावलं?"

"काई नाई, मावशी." साधनानं नुसतं बोट दाखवलं.

पार्वताबाईंनी वाकून पाहिलं आणि चटकन डोक्यावरून पदर घेतला. "अवं बाप्पा! हे तं माणसाचं हाय."

"माणसाचंच हाय, मावशी. आपल्या सगळ्याइच्या आधीचा."

"कोनाचा हाय?"

"आपलाच," साधना म्हणाली.

आयुष्यभर जे शोधलं ते सापडल्यावर माणूस असंच काहीतरी बोलतो. पण पार्वताबाईंनी ते शब्दाला शब्द धरून ऐकलं.

नियमाप्रमाणं साधनानं मोठ्या शहरातल्या पुरातत्त्वाच्या सरकारी संस्थेला कळवलं. फोटो पाठवले, मोजमापं पाठवली. संस्थेच्या संचालक साहेबांचं उत्तर आलं, की फोटोवरून हे बैलाचं कपाळ वाटतं. तरीही परवानगीशिवाय जागेवरून हलवू नये. आमची टीम येऊन पाहील. म्हणजे बैलही आहे आणि हातही लावायचा नाही! साधनानं फोन केला. बैलाला अशी भुवई असते का हो, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "उत्साहाच्या भरात असं होतं मॅडम." हे गृहस्थ कधी पूर्णेत पाय बुडवायला आले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्याही दुसऱ्याच्या रानातल्या.

टीम फेब्रुवारीत येणार होती, मग मार्चमध्ये येणार होती. मग साहेब परदेशी गेले. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या, आणि देवानंदचा फोन आला की काठ फुटून राहिला. साधना तशीच निघाली. राखेच्या वरची माती मोठमोठ्या ढेकळांनी नदीत पडत होती. ती नियम मोडायला तयार झाली. देवानंदला हाताशी घेऊन तिनं हाडाभोवतीची माती गोल कापली, ओले कागद लावले, वर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि तो अख्खा गोळा धोतराच्या पांढऱ्या फडक्यात बांधून ट्रॅक्टरमधून पार्वताबाईंच्या घरी आणला. मधल्या खोलीत, सावलीत ठेवला. आतली माती ओली होती. ती सावकाश सुकली असती तर हाड घट्ट राहिलं असतं. घाई केली किंवा पाणी लागलं, तर मातीबरोबर हाडाचाही चिखल होणार होता.

"मावशी, एकच करा," ती हात जोडून म्हणाली. "याले पानी लागू देऊ नका. थेंब बी नाई."

पार्वताबाईंनी त्या पांढऱ्या गाठोड्याकडं पाहिलं.

परवानगीशिवाय ते जिल्ह्याबाहेर नेणं गुन्हा होता. म्हणून साधना अमरावतीला परतली, की साहेबांच्या मागं लागून कागद मिळवते आणि गाडी घेऊन येते. तर कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. प्राचार्यांनी रजा नाकारली. साधनानं हात जोडले, मग भांडली. ते म्हणाले, "मॅडम, हाडं पळून जात नाहीत. समिती पळून जाते." आणि त्या आठवड्यात, पूर्णाकाठच्या पहिल्या माणसाची कवटी एका खेड्यात ठेवून आलेली ही बाई कॉलेजच्या दारात पाहुण्यांना गुलाबाची फुलं देत उभी होती. समितीसमोर कुणाचा फोन वाजू नये म्हणून सगळ्यांचे मोबाईल ऑफिसात जमा करून घेतले होते. समितीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिनं मोबाईल घेतला, तेव्हा त्यावर पार्वताबाईंचे फोन येऊन गेलेले दिसले. तिनं लावला, तर लागेना. खारपाणपट्ट्यात रेंज असली तर असते.

त्या दिवशी आखाजी होती.

वऱ्हाडात आखाजी हा पितरांचा दिवस. नवीन घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा, पुरणाचा घास टाकायचा. वरचे तहानलेले असतात, उन्हाळा त्यांनाही असतो, त्यांना पाणी द्यायचं. आणि भोकरीत पार्वताबाईंच्या मधल्या खोलीत एक माणूस होता, ज्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही असं बजावलं होतं! कित्येक दिवस त्या बाईला झोप लागत नव्हती. चूल पेटवावी तर घरात अस्थी. घागर भरावी तर हा बाजूला कोरडा पडलेला. त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, हे बरोबर नाही. सरकारनं त्या पोरीला धाक घातला असेल, म्हणून ती तसं बोलली. तिचा माणूस आहे, तिला तर किती वाटत असेल. आपण करू.

दुसऱ्या दिवशी, कागदाची वाट न पाहता, साधना गाडी घेऊन पोचली. मधल्या खोलीत सारवलेली जमीन होती आणि त्यावर हळदीकुंकू.

"ये वं," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. "तुया वाटचं पुरन ठेवलं हाय. तुई लय वाट पायली. फोन केले. मंग म्हनलं, दिवस जाईन."

"मावशी, ते कुठी हाय?"

"डोहात सोडलं. नीट सोडलं बाप्पा, सारं गाव होतं. ते वरचं चुन्याचं लिंपन पानी लावू लावू सोडवलं, आंगोळ घातली, गंध लावलं. देवानंदनं डोकं भादरलं. नाव मालूम नोतं, म्हून म्हनलं, साधनाचा माणूस."

साधना ओरडली. काय ओरडली ते तिला पुढं आठवेना, पण शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या एवढं तिला आठवतं. "म्या सांगतलं होतं ना! पानी लावू नका म्हून सांगतलं होतं ना!" देवानंद तुळतुळीत डोक्यानं खाली मान घालून उभा होता. पार्वताबाई मागं हटल्या नाहीत.

"मेल्या माणसाले पानी नाई द्यायचं, असं कोन्या शाळेत शिकवतात?" त्या म्हणाल्या. "तू रडली होती त्याच्यासाठी. म्या पायलं होतं. जनावरासाठी कोनी असं रडते काय? तूच म्हनली, आपला हाय. मंग आपल्याले आपन काय कपाटात ठेवतो?"

साधना नेसत्या कपड्यांनी डोहात उतरली. संध्याकाळपर्यंत ती आणि गावातली माणसं तळ चाचपत राहिली. हाताला प्लास्टरचा लगदा लागला. फडकं लागलं. लाखभर वर्षांची माती आणि तिच्यातलं हाड पाण्यात असं विरघळलं होतं की कुठला गाळ पूर्णेचा आणि कुठला त्याचा, हे जगातली कुठली प्रयोगशाळा सांगू शकली नसती. ती काठावर येऊन बसली, तर पार्वताबाईंनी कोरडं लुगडं तिच्या अंगावर टाकलं. तिनं ते झिडकारलं. मग घेतलं.

तिला कुणावर रागवावं कळेना, असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, तिला चांगलं कळत होतं. बैलाचं कपाळ म्हणणाऱ्यावर, टीम न पाठवणाऱ्यावर, गुलाबाची फुलं हातात देणाऱ्यावर. मोठमोठ्या पदव्या असलेल्या त्या सगळ्यांपैकी एकानंही त्या हाडाला माणूस म्हटलं नव्हतं. म्हटलं ते भोकरीनं, आणि माणसाचं जे करायचं ते केलं.

अकोल्याच्या एका पेपरात बातमी आली, आदिमानवाची कवटी नदीत विसर्जित. ती वरपर्यंत गेली, वरून खाली विचारणा आली, आणि मग काय! इतके महिने न आलेली टीम दोन गाड्या भरून आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. साहेब अकोल्याच्या विश्रामगृहावर उतरले. पार्वताबाईंना आणि देवानंदला बोलावून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. साधनाला आत बोलावलं, चहा मागवला.

साहेब आता फार आदरानं बोलत होते. "मॅडम, मी तुमचे फोटो पुन्हा पाहिले. ही भुवई निर्विवाद मानवी आहे. अपूर्व शोध आहे. हाड गेलं तरी तुमची मोजमापं आहेत, थराचे नमुने आहेत. आपण दोघं मिळून लिहू. पहिलं नाव तुमचं."

हे वाक्य ऐकायला साधनानं आयुष्य घातलं होतं.

"फक्त एक औपचारिकता आहे," साहेब म्हणाले. "राष्ट्रीय ठेवा नष्ट झाला, तर कुणीतरी जबाबदार असायला हवं. विलंब झाला वगैरे चर्चा व्हायला नको. त्या बाई आणि त्यांचा मुलगा यांच्यावर फिर्याद द्यावी लागेल. तुम्ही तज्ज्ञ म्हणून जबाब द्या, की ही मानवी कवटी होती आणि सूचना देऊनही त्यांनी ती नष्ट केली. अडाणी लोक आहेत, फार काही होणार नाही. थोडे दिवस कोर्टात खेटे घालतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि दोर वळायला साधना. तिनं खिडकीतून पाहिलं. बाकावर पार्वताबाई पदर नीट करून बसल्या होत्या, मोठ्या साहेबांपुढं जायचं म्हणून. देवानंदच्या डोक्यावर केसांची खुरटी वाढ आली होती. साधनाच्या माणसासाठी त्यानं ते भादरलं होतं. जबाब लिहून घेणारा कारकून पेन उघडून वाट पाहत होता.

"लिहा," ती म्हणाली. "ते बैलाचं कपाळ होतं."

साहेबांच्या हातातला कप खाली आला. "मॅडम?"

"तुम्हीच कळवलं होतं ना? तुमच्या सहीचं उत्तर आहे माझ्याकडे. बैलाचं कपाळ. मी उत्साहाच्या भरात माणूस समजले. बैलाचं हाड नदीत टाकलं म्हणून कुणावर फिर्याद होते का?"

"विचार करा. हे एकदा नोंदलं गेलं की तुम्हाला तो दावा पुन्हा कधीच करता येणार नाही. तुमची सगळी हयात…"

"माझ्या हयातीचं मला सांगू नका!" ती इतक्या जोरात बोलली की कारकुनाच्या हातातून पेन निसटलं. "जानेवारीत तो बैल होता. तुम्ही एक गाडी पाठवली असती तर तो माणूस झाला असता, आज काचेच्या पेटीत असता. तेव्हा तुम्हाला तो बैल हवा होता, आज माणूस हवा आहे, कारण आज एका म्हातारीला तुरुंग दाखवायचाय. नाही देत मी. बैल होता. लिहा बैल, आणि द्या इकडं, सही करते."

तिनं सही केली. पहिल्यांदा कागद फाटला, म्हणून दुसऱ्यावर केली. चहाला तिनं हात लावला नव्हता. बाहेर येऊन तिनं दोघांना गाडीकडं चालायला सांगितलं. पार्वताबाई तिच्या चेहऱ्याकडं पाहत मागोमाग आल्या.

"काय म्हने साहेब?"

"काई नाई, मावशी. घरी चला."

"तू सांगतलं ना त्याइले? आपन त्याले असाच नाई टाकला म्हून? नीट पोचवला म्हून?"

"सांगतलं."

पार्वताबाई गाडीपाशी थांबल्या. "मंग आता तरी मानलं का वं त्याइनं, माणूस होता म्हून?"

"मानलं, मावशी," साधना म्हणाली. तिला इतका राग आला होता की गाडीचं दार तिच्यानं उघडेना. शेवटी ते देवानंदनं उघडलं.